हिरव्या शाईची खूण

रविवार, ५ फेब्रुवारी २०२३

ही वही क्लीओने दिली, माझ्या वाढदिवसाला. देताना म्हणाला, "व्हर्नी, तुझं ऐकून ऐकून माझी किडनी गेली. कान तरी राहू देत. आता कागदाला सांग."

असा आहे माझा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, एकोणसाठचा, पण तोंड अजून वर्गातल्या मागच्या बाकावरचं. आमच्या ऑल्बनी गावातल्या शाळांची बस त्याने एकतीस वर्षं चालवली. आता आठवड्यातून तीनदा पहाटे पाचला मी त्याला डायलिसिसला नेते आणि तो शेजारी बसून माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवतो.

माझ्याबद्दल लिहायचं तर मी व्हर्नेल टिस्डेल, वय त्रेसष्ट. छत्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीवर बसून फॉर्म भरून घेते. रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत टेबल मांडते, लोक आपापले कागद घेऊन येतात. जनगणनेचे, पेन्शनचे, दवाखान्याचे. माझा नियम एकच. वंशाची चौकट कोरी सोडायची नाही. 'काळे' या शब्दापुढे ठसठशीत खूण करायची. १९६२ साली मतदारांच्या यादीत नाव घालायला आमची आई कोर्टाच्या पायऱ्या तीनदा चढली आणि तिन्ही वेळा कारकुनाने तिला परत पाठवलं. चौथ्यांदा ती नाव लिहून घेऊनच उतरली. ती सांगायची, "त्यांनी आपल्याला मोजलं नाही, तर आपण नव्हतोच असं ते म्हणतील." म्हणून चर्चमध्ये मला सगळे चौकटबाई म्हणतात. मला काही वाईट वाटत नाही.

क्लीओचं उलटं. तो ती चौकट हट्टाने कोरी ठेवतो.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायलाच हवी, कारण क्लीओ तिचं श्रेय मला कधी देत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये त्याचा किडनीचा आकडा, म्हणजे ती शंभरातली किती काम करते तो, एकोणीसवर आला होता. आकडा वीसवर किंवा त्याखाली आला की अटलांटाच्या हॉस्पिटलात नव्या किडनीसाठीच्या यादीत नाव लागतं. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर हॉलिंग्जवर्थ म्हणाले, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू आणि चिठ्ठी देऊ. लॉरेटा, माझी भावजय, सगळ्यांसमोर म्हणाली, "यादी कशाला? माझ्या दोन आहेत. त्यातली एक नुसती बसून खाते, ती घेऊन टाक." मग मी कंबर कसली. सहा आठवडे दोन्ही वेळा बिनमिठाचं कोबीचं सूप. एप्रिलमध्ये आकडा बावीस! डॉक्टर म्हणाले, सुधारतंय, आता घाई नको. त्याच संध्याकाळी मी मासे तळले. रविवारी चर्चमध्ये उभी राहून सुपाची कृतीही सांगितली.

सुपावर मी त्याची किडनी चार वर्षं तगवली. डायलिसिस लागलं ते २०२० च्या मे महिन्यात. लॉरेटा त्याच्या आदल्या वर्षीच मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली होती.

अटलांटाहून परवा सगळ्यांना एक छापील पत्र आलंय, नियम बदललाय वगैरे. क्लीओने ते न वाचताच गळाला लावायच्या गांडुळांच्या डब्याखाली अंथरलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

आज चर्चमध्ये आनंदीआनंद.

ओझेला क्रम्बलीला अटलांटाहून दुसरं पत्र आलं. डायलिसिसला ती क्लीओपासून तिसऱ्या खुर्चीत असते आणि माझ्या शेजारच्या बाकावर तीस वर्षं गाते. चष्मा विसरल्याचं नाटक करून तिने पत्र माझ्या हातात दिलं. मी मोठ्याने वाचलं. पूर्वी किडनीचा आकडा काढताना काळ्या रुग्णांसाठी एक वेगळा गुणाकार करत. काळ्या लोकांच्या अंगात स्नायू जास्त, असं धरून चालत. त्यामुळे आकडा होता त्यापेक्षा चांगला दिसायचा आणि यादीत नाव उशिरा लागायचं. तो गुणाकार आता बंद झालाय, आणि ओझेलाला वाट पाहण्यातली तिची तीन वर्षं दोन महिने परत मिळाली आहेत, म्हणजे यादीत ती तितकी पुढे गेली.

"पुन्हा वाच," ओझेला म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ओझेलाबाई, स्नायू दाखवा पाहू!" आणि ऐंशी किलोची ओझेला बाह्या वर करून उभी राहिली. हसून हसून सगळ्यांचे डोळे भरले.

पत्रात होतं की वंशाच्या नोंदीवरून हॉस्पिटलने माणसं शोधून काढली. मी टेबलावर थाप मारून म्हटलं, "बघा! खूण नसती तर तुम्हाला शोधलं कसं असतं?" सगळ्यांना पटलं.

क्लीओचंही पत्र येईल. दोन वर्षं मिळाली तरी पुष्कळ.

मंगळवार, १४ मार्च

पत्र नाही. चर्चमधल्या चौघांना आली. क्लीओ म्हणतो, "पोस्टमन मला घाबरतो."

काल डायलिसिसच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. क्लीओचं हृदय थकत चाललंय. जूनमध्ये पुन्हा तपासणार आहेत. आणखी खाली गेलं तर एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही आणि यादीतून नावच काढावं लागेल. मी विचारलं, यादीत त्याचा नंबर लवकर आला तर? त्या म्हणाल्या, "मिस व्हर्नेल, तसं झालं तर सगळंच वेगळं असेल."

क्लीओला हे ठाऊक आहे. मला सांगितलं नव्हतं एवढंच. घरी येताना रस्त्यावरच्या गाडीवरून उकडलेल्या खारट शेंगा घ्यायला लावत होता. मी गाडी थांबवली नाही. मग आम्ही भांडलो, आणि बरं वाटलं.

गुरुवार, २३ मार्च

शेवटी मीच अटलांटाला फोन केला. मुलगी गोड होती, प्रत्येक वाक्यात मॅम.

"मॅम, त्यांच्या नोंदीत वंश लिहिलेलाच नाही. कोरं आहे."

म्हणजे पठ्ठ्याने तिथेही चौकट सोडली! मी म्हटलं, बाई, माझा भाऊ डांबरासारखा काळा आहे, आमची आई काळी, आजी काळी, अजून काय पुरावा हवा? ती बिचारी म्हणाली की हे त्यांनी स्वतः लिहून द्यायला हवं, तसा फॉर्म मी पाठवते. शिवाय आमच्या दवाखान्यातले जुने कागद लागतील. गुणाकारामुळे आकडा वीसच्या वर गेला असा एखादा रिपोर्ट, आणि तेव्हा त्यांची नोंद काळे म्हणून होती हे दाखवणारा कागद.

क्लीओच्या घरी जाऊन मी त्याची कानउघाडणी केली. तो पायरीवर गळ गुंडाळत बसला होता.

"एका खुणेने तुझं काय जाणार होतं?"

"एकोणनव्वद साली वीज कंपनीत अर्ज केला होता," तो म्हणाला. "खूण केली. उत्तर आलं, जागा भरली. आठवड्याने तोच अर्ज, तेच अक्षर, चौकट कोरी. लगेच मुलाखतीला बोलावलं. दारात मला बघितलं आणि जागा पुन्हा भरली."

"मग फरक काय पडला?"

"निदान त्यांना दारापर्यंत यावं लागलं, तोंडावर खोटं बोलावं लागलं. चौकटबाई, तुला मोजून घ्यायचंय. मला एवढंच हवंय की माझं काय करायचं ते त्यांनी मला बघायच्या आधी ठरवू नये."

मी म्हटलं, आईने हे ऐकलं असतं तर तुझे कान उपटले असते. तो म्हणाला, तिने तुझे उपटले असते. असं का म्हणाला कोण जाणे.

उद्या नाही, पुढच्या गुरुवारी कागदपत्रांच्या खोलीची किल्ली मिळेल.

गुरुवार, ३० मार्च

सापडलं.

९ मार्च २०१६ चा रिपोर्ट. वंश: नोंद नाही. आकडा एकोणीस. समासात डॉक्टरांच्या अक्षरात 'अटलांटाला पाठवायचं'.

२० एप्रिल २०१६ चा रिपोर्ट. वंश: काळे. आकडा बावीस. समासात 'सुधारणा. सहा महिन्यांनी बघू.'

मधे नोंदणीचा कागद. नाव, पत्ता, जन्मतारीख, तातडीच्या वेळी कळवायचं त्या चौकटीत लॉरेटा, सगळं क्लीओच्या निळ्या अक्षरात. वंशाच्या चौकटीत हिरवी खूण.

या दवाखान्यात हिरव्या शाईचं पेन एकच माणूस वापरतो.

मला ती दुपार आठवते. तो दुसऱ्यांदा रक्त द्यायला आला होता. त्याचा कागद माझ्या हातात आला आणि मनात आलं, चौकटबाईच्या भावाचाच कागद कोरा, लोक काय म्हणतील. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही.

त्याच्या रक्तात काहीच बदललं नव्हतं. फक्त मी खूण केली होती.

कोरं राहिलं असतं तर आकडा एकोणीसच आला असता. चिठ्ठी गेली असती. लॉरेटाची तपासणी झाली असती.

आणि मी मासे तळले.

शुक्रवार, ३१ मार्च

डॉक्टर हॉलिंग्जवर्थना दोन्ही रिपोर्ट दाखवले. चष्मा पुसून पुन्हा बघितले. मग म्हणाले, "मिस व्हर्नेल, त्या काळी सगळीकडे असंच करत. यंत्र आकडा देतं, आपण वाचतो. यात कोणाचीच चूक नाही."

सहा आठवड्यांत आकडा तीनने कसा चढला हे तेव्हा विचारावंसं वाटलं नाही का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. मी त्यांना ताजी कॉफी करून दिली. म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भला माणूस आहे. जाताना मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले.

नोंदणीचा कागद पर्समध्ये आहे. अटलांटाहून फॉर्मही आलाय, तोही पर्समध्ये. आज क्लीओला नेताना पर्स मागच्या सीटवर ठेवली.

रविवार, ९ एप्रिल. ईस्टर

दहा दिवस झाले, सांगितलेलं नाही. रोज एक कारण सापडतं. त्याला बरं नाही, आज त्याचा मूड चांगला आहे तो का घालवा, ईस्टर होऊन जाऊ दे.

आज प्रार्थनेनंतर मी टेबल मांडलं नाही. ओझेला मागे आली. गुलाबी हॅट, मोठं पीस लावलेली. "काय गं, तोंड का असं सोललेल्या बटाट्यासारखं?"

तिला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. वाटलं, ती मला जवळ घेईल.

ती ऐकत होती. आधी मान हलवत होती, मग हलवायची थांबली.

"माझा फॉर्म कोणी भरला होता, व्हर्नेल?"

"मी."

"मी चष्मा आणला नव्हता. तू म्हणालीस, बस, मी करते."

"हो."

"आणि माझी तीन वर्षं मिळाली तेव्हा तू टेबलावर थाप मारून सांगत होतीस की बघा, खूण केली म्हणून मिळाली."

मी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली.

"तुझं मन वाईट नव्हतं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. तिने हॅट नीट केली. "पण त्या तीन वर्षांत माझी नजर गेली गं. चष्मा विसरल्याचं नाटक मी उगाच करत नाही. आता अक्षरं दिसतच नाहीत."

संध्याकाळच्या गाण्याला ती पलीकडच्या बाकावर बसली. शेजारची जागा रिकामी असली की आपला आवाज किती बेसूर आहे ते कळतं. छत्तीस वर्षांतले चेहरे डोळ्यांपुढे येत राहतात. कितीजणांना मी म्हटलं, बस, मी करते?

सोमवार, १७ एप्रिल

आज सांगितलं. डायलिसिसच्या खुर्चीत सांगितलं. तिथे तो उठून जाऊ शकत नाही म्हणून ती जागा निवडली, हेही लिहून ठेवते.

सुया लावून झाल्या होत्या. लॉरेटाने विणलेली शाल त्याच्या गुडघ्यांवर होती.

"क्लीओ, मला काही सांगायचंय."

"सांग की. चार तास मी कुठे पळणार आहे?"

तिन्ही कागद त्याच्या मोकळ्या हातात दिले. त्याने पहिला बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला. नोंदणीच्या कागदावर अंगठा फिरवला.

"हिरवी शाई," तो म्हणाला.

"हो."

"ही मी तेव्हाच बघितली होती. पुढच्या वेळी आलो तेव्हा. म्हटलं, करू दे, तिला बरं वाटतं." त्याने पहिला रिपोर्ट पुन्हा वर घेतला. "म्हणजे मी सुधारलो नव्हतो."

"नाही."

"एकोणीसच होता."

"एकोणीसच."

"आणि ते सूप?"

"सूप... सूपच होतं."

तो हसला. इतक्या जोरात हसला की नर्स धावत आली, सुई हलेल म्हणून त्याच्यावर ओरडली. "सहा आठवडे! दोन्ही वेळा! आणि त्यानंतर चार वर्षं दर मंगळवारी!" मीही हसायला लागले. वाटलं, सुटले.

मग त्याचं हसू थांबलं. शालीकडे बघत तो म्हणाला, "लॉरेटा तयार होती."

मी म्हटलं, "क्लीओ—"

"तिने दवाखान्याची वेळसुद्धा घेतली होती. तुला ठाऊक नसेल. बावीस आल्यावर मीच फोन करून रद्द केली. ती म्हणाली होती, तरी तपासून घेऊ या. मी म्हटलं, कशाला, व्हर्नीच्या सुपाने काम झालं." त्याने शाल छातीपर्यंत ओढली. "आता जा तू."

गाडीत बसून राहिले. घरी जाताना त्याने माझ्या गाडी चालवण्याला एकदाही नावं ठेवली नाहीत. लाल दिव्यापाशी मी मुद्दाम उशिरा ब्रेक दाबला. तरी तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

फॉर्म द्यायचा राहिलाच. हात पर्सकडे गेला नाही.

बुधवार, १९ एप्रिल

पाचला हॉर्न वाजवला. दोनदा, तीनदा. शेजारच्या मिसेस बॅटल खिडकीतून म्हणाल्या, "तो गेला. रुग्णांची व्हॅन येते ना, तिच्यातून."

त्याच्यासाठी केलेला डबा परत आणला.

शुक्रवार, २८ एप्रिल

आजही व्हॅन.

खिडकीवर एक तरुण मुलगी आली होती, पोटुशी. तिची चौकट कोरी होती. माझं पेन आपोआप उचललं गेलं. मी ते खाली ठेवलं आणि फॉर्म तिच्याकडे परत सरकवला. म्हटलं, ही राहिलीय. भर किंवा सोड, पण तुझी तू ठरव. ती बावरली. विचारलं, "काय करायला हवं?" छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं पेन दुसऱ्याच्या हातात दिलं.

गुरुवार, ४ मे

अटलांटाच्या मुलीचा फोन. "मॅम, कागद अजून आले नाहीत. जूनच्या तपासणीआधी झालं तर बरं. हृदयाचा आकडा घसरला तर मग आम्हाला काही करता येणार नाही."

मी क्लीओला चार फोन केले. उचलत नाही.

तो फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसले. नाव घातलं, पत्ता घातला, जन्मतारीख घातली. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं ती चौकट सोडली. लॉरेटा गेल्यापासून तो ती कोरीच ठेवतो. मग उरली वंशाची चौकट आणि खाली सही. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही मीच करायची. क्लीओची तर डोळे मिटून करेन.

पेनचं टोपण काढलं. एक खूण, एक सही, उद्याच्या टपालाने जाईल, त्याची चार वर्षं परत येतील. त्याला कळणारही नाही. कळलं तर जिवंत राहून रागावेल. मला चालेल. मेल्यावर माझ्यावर राग धरून तो काय करणार? पेन टेकवलं. चौकटीच्या कडेला हिरवा ठिपका पडला.

मग लक्षात आलं की २०१६ सालीही मी मनात हेच म्हटलं होतं. त्याच्याच भल्यासाठी.

टोपण लावलं. गाडी काढून त्याच्या घरी गेले. दार बंद, व्हरांड्यात कोणी नाही, गळही जागेवर नाही, म्हणजे नदीवर गेला असावा. फॉर्म पायरीवर गांडुळांच्या डब्याखाली ठेवला, उडू नये म्हणून. सोबत चिठ्ठी: 'नाव-पत्ता मी घातलाय, ठिपकाही माझा आहे. बाकी मी काही केलेलं नाही. जूनच्या आधी पोचायला हवं. व्हर्नी.'

त्याने खूण केली नाही तर? मी तत्त्व सांभाळलं आणि भाऊ गेला, असं झालं तर? आई, मी काय करायला हवं होतं गं?

सोमवार, ८ मे

सकाळी टपालपेटीत फॉर्म. तिकीट नाही, पाकीट नाही, स्वतः येऊन टाकून गेला. हॉर्नही नाही, हाकही नाही. कागदाला माशाचा वास येतोय.

वंशाच्या चौकटीत निळी खूण आहे. इतकी दाबून केलेली की कागद मागून फुगलाय. सही त्याची. आणि समासात, जिथे काही लिहायचं नसतं तिथे: 'ही खूण मी स्वतः केली आहे.'

जुन्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या. झेरॉक्समध्ये हिरवी शाई काळीच येते. अटलांटात कोणालाही वाटेल की ती क्लीओनेच केली. म्हणून वेगळ्या कागदावर लिहून जोडलं: '२०१६ च्या नोंदणीवरची खूण रुग्णाने केलेली नाही. रुग्णाला न विचारता मी केली आहे. व्हर्नेल टिस्डेल, नोंदणी कारकून.' एक प्रत आमच्या मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या वाचून म्हणाल्या, "अगं, हे लिहायची काय गरज होती?" डॉक्टर हॉलिंग्जवर्थ म्हणाले, "मिस व्हर्नेल, तुम्ही फार मनाला लावून घेता."

टपाल दुपारच्या आत गेलं.

रविवार, ११ जून

हृदयाचा आकडा टिकून आहे. हे मला मिसेस बॅटलकडून कळलं.

ओझेला अजून पलीकडच्या बाकावर. आज तिला कोणाचं तरी पत्र आलं होतं. ती माझ्या दिशेने आली, थबकली, आणि पत्र मिसेस बॅटलच्या नातीकडून वाचून घेतलं.

गुरुवार, २२ जून

दुपारी दार वाजलं. क्लीओ, पायी आलेला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. उन्हात चालू नकोस म्हणणार होते, त्याऐवजी दार पूर्ण उघडलं.

तो आत आला, टेबलाशी बसला आणि पत्र पुढे सरकवलं. "वाच."

"तू वाचलं नाहीस?"

"वाचलंय. तू वाच. मोठ्याने."

मी वाचलं. 'आपली प्रतीक्षा ७ मे २०२० ऐवजी २० एप्रिल २०१६ पासून धरण्यात येत आहे.' खाली लिहिलं होतं की आता आपलं नाव बरंच वर आलं आहे, फोन जवळ ठेवा.

मी रडायला लागले. तो थांबला. पाणी प्यायला नाही, त्याला दिवसाला मोजकंच चालतं.

"वीस एप्रिल," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी तू मासे तळलेस."

"हो."

"लॉरेटा या खुर्चीत बसली होती." समोरच्या खुर्चीकडे बोट. "तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, मीठ कमी आहे."

"माझ्यावर ओरडली होती."

"त्यांनी तारीख परत दिली, व्हर्नी. आठवडा झाला ती घेऊन फिरतोय. तारखेत कोणी नाहीये."

पंखा फिरत होता. मी म्हटलं, "क्लीओ, माफ कर असं म्हणायलाही मला—"

"ऐक. पाचवीत तुला अपूर्णांक जमत नव्हते. माझ्याकडून करून घ्यायचीस, मी पहिलीत असताना. आठवतं? म्हणजे तो गुणाकार तुझा नव्हे. तो ज्यांनी मांडला ते कुठेतरी मजेत जेवत असतील. त्यांच्यातलं कोणी माझ्या पायरीवर चिठ्ठी ठेवायला आलेलं नाही." त्याने पत्राची घडी घातली, एक, दोन, तीन. "पण खूण तुझी होती."

"हो."

"दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं पुसायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

"नाही."

तो उठला. दारापाशी जाऊन टोपी घातली. उंबऱ्यावरून, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "उद्या पाचला ये. हॉर्न एकदाच. मिसेस बॅटल माझ्या नावाने खडे फोडतात."

"डबा आणू?"

"आण. कोबी दिसला तर गाडीतून उडी मारेन."

पायऱ्या उतरला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"अटलांटाचा फोन आला होता त्या मुलीचा. म्हणाली, फॉर्मवर एक चौकट कोरी राहिलीय, किडनी आली आणि तुम्ही फोन उचलला नाहीत तर कोणाला कळवायचं?" टोपी पुढे ओढली. "तुझं नाव सांगितलंय. तुला विचारायचं राहून गेलं."